तुळजापूरला जाऊन तसेच परत येता? धाराशिव टापूतल्या बाजूला राहिलेल्या जागांचा धागा

जुनी_वाट
मागे इथेच कुणीतरी विचारलं होतं, वेरूळ-अजिंठा सोडून मराठवाड्यात बघण्यासारखं काय आहे? उत्तरं आली ती तुळजापूर, परळी, औंढा. म्हणजे मराठवाड्यात माणसानं एकतर लेणी बघायला जायचं, नाहीतर नवस फेडायला. म्हणून हा वेगळा धागा. धाराशिव जिल्हा आणि त्याला लागून असलेला मुलूख, एवढीच हद्द ठेवू, नाहीतर नेहमीसारखं कुणीतरी रायगडावर नेऊन सोडेल.

भवानी कुलदैवत असलेली किती घरं दरवर्षी तुळजापूरला जातात! अभिषेक, ओटी, बाहेर येऊन कवड्यांची माळ, प्रसाद, आणि गाडी परतीच्या रस्त्याला. तिथून तासाभरावर एक गाव आहे, ज्याचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदरातून समुद्रापार जात होतं, हे त्यांतल्या बहुतेकांच्या कानावरच आलेलं नसतं.

ते गाव म्हणजे तेर. तेरणेच्या काठावरचं, बाहेरून अगदी साधं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर सांगितलंय. तिथून जाडंभरडं कापड, मलमल वगैरे माल गाड्यांमध्ये लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत. हे तगर कुठलं यावर इंग्रज काळात बरीच भवति न भवति झाली. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली शिलालेखांचा अभ्यासक फ्लीट यानं तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला दुजोरा दिला.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे तेरचेच व्यापारी. पावसाळ्यात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून माती वाहून गेली की मणी, नाणी, खापरं उघडी पडत. लोक ती पायाखाली तुडवत जात, हे गृहस्थ ती उचलून ठेवत. पुढे तो सगळा संग्रह शासनाकडे आला. त्यात पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या बाहुल्या आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, रोमन नाण्यांची नक्कल असलेल्या मातीच्या मुद्रा आहेत. पण थांबायचं ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. वीतभरही नाही. इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती बाई निघाली, तिच्याच घराण्यातली ही. पॉम्पेई गाडलं गेलं इ. स. ७९ मध्ये, म्हणजे ती बाई त्याआधीच तिकडे पोचलेली होती. ती नेमकी तेरहूनच गेली असं कुणी छातीठोक म्हणू नये, कारण भोकरदनच्या उत्खननातही तशीच मूर्ती मिळाली आहे. तरी दोघींचे फोटो शेजारी ठेवून बघा.

आणि तिथल्या विटा. जुन्या देवळांच्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. १९०२ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचा कझिन्स पाहणीला आला होता, त्यानंही याची नोंद केलीय.

बाकी लोक भर घालतीलच. माझी विनंती एवढीच, 'स्पॉट'ची यादी नको. एका जागेपाशी काय बघायचं ते लिहा.

सोलापुरी_कडक
मस्त धागा. आमचं नळदुर्ग राहिलं की! सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापुरातनं तासाभरात. हायवेवरनं तटबंदी दिसते, लोक "अरे किल्ला" म्हणतात आणि पुढच्या धाब्यावर थांबतात.

पाणीमहाल कसा आहे ते सांगतो, कारण फोटोत समजत नाही. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातलाय, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आहेत. वरनं जिना उतरून आत जायचं. वरचं धरण भरून पाणी सुटलं की बंधाऱ्यावरनं दोन धारा पडतात, एक नर आणि एक मादी. तुम्ही आत सज्जात उभे, डोक्यावरनं पाणी चाललंय, समोर पडदा, आणि आत कोरडं ठणठणीत. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं काम, १६१३ सालचं. फारसी शिलालेख आहे, त्याचा अर्थ साधारण असा की हा बंधारा पाहून मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूचे अंधारतील. गर्व होता, पण काम बघितल्यावर म्हणावंसं वाटतं, असू दे.

पाऊस कमी झालेल्या वर्षी धबधबा नसतो. मग उपळ्या बुरुजावर चढा. पायऱ्या उंच आहेत, वर दोन लांबलचक तोफा.

स्निग्धा_ह्यूस्टन
वाचतेय. डिसेंबरात येतोय, सोबत आई (वय ७८) आणि दोन मुलं. तुळजापूर ठरलेलंच आहे. यातलं काय झेपेल?

अणदूरचा_पोरगा
सोलापुरीदादा, नळदुर्ग लिहिलंत आणि खंडोबाला विसरलात व्हय!

आमच्याकडं एक देव आणि दोन गावं आहेत. अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर, दोन्हीकडं खंडोबाची देवळं. मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. नेताना-आणताना दोन्हीकडचे मानकरी बसतात आणि रीतसर लेखी करार होतो, देव अमुक तिथीला नेतो, अमुक तिथीला परत देतो म्हणून. थट्टा न्हाई, खरंच कागद होतो. मग पालखी निघती. चंपाषष्ठीला अणदूरची यात्रा, पौष पौर्णिमेला नळदुर्गची. किल्ला बारा महिने हाय तिथंच हाय, हे बघायला मात्र तिथी गाठावी लागती. पौष पौर्णिमेला या. वारू, वाघ्या-मुरळ्या, भंडारा, गर्दी. गाडी लांब लावा, हे आधीच सांगून ठेवतो.

शिलालेख_वाचक
जुनी_वाट, त्रिविक्रमाचं देऊळ का वगळलंत? तेरला जाऊन ते न पाहणं म्हणजे कमाल झाली.

विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर गजपृष्ठाकार छप्पर, आणि पुढे नंतर जोडलेला सपाट छताचा मंडप. आत त्रिविक्रमाची उभी मूर्ती. महाराष्ट्रात जमिनीवर बांधलेली, अजून उभी असलेली एवढी जुनी वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आपल्याकडे जुनं म्हणजे डोंगरात कोरलेलं. बांधलेलं टिकतच नाही फारसं.

कझिन्सचं म्हणणं होतं की हा मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, नंतर वैष्णवांनी घेतला. आकार पाहून ते पटतं. तेरच्या उत्खननात विटांचा स्तूपही निघाला, म्हणजे गावात बौद्ध वस्ती होती यात शंका नाही. पण गोल पाठीची देवळं हिंदूही बांधत. आंध्रातल्या चेझर्लाचं कपोतेश्वर घ्या, त्याचीही हीच तुलना होते. मला स्वतःला कझिन्सचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं, पण तिथला दगड-विटा काही स्पष्ट कबुली देत नाहीत.

तेरच्याच उत्तरेश्वर देवळाची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे. शतकानुशतकं ऊनपाऊस सोसलेलं लाकूड, तरी वेलबुट्टी शाबूत. हस्तिदंती बाईपुढे सगळे तिला विसरतात.

जुनी_वाट
@शिलालेख_वाचक मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं :)

@स्निग्धाताई, आईंसाठी तेर उत्तम. संग्रहालय गावातच आहे, फार चालणं नाही. तिथून गोरोबाकाकांच्या समाधीला नेता येईल, नदीकाठीच आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं नि कोण कच्चं हे सांगणारे गोरा कुंभार तेरचेच. नामदेवांना "कच्चं मडकं" ठरवलं ती गोष्ट आईंना पाठ असेल, मुलांना त्यांनीच तिथे बसून सांगावी. नळदुर्गलाही वरून तटावरून फिरता येईल, पाणीमहालाचा जिना मात्र आईंना नको. डिसेंबरात धारा असतील याचीही खात्री नाही.

सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवारी तुळजापूर ठेवा आणि तेर दुसऱ्या दिवशी.

धाराशिव_धारकरी
शहराजवळची लेणी राहिली. आमच्या गावाचं नावच ज्यांच्यामुळे ओळखीचं, ती धाराशिव लेणी. शहरापासून गाडीनं पाऊण तासाच्याही आत. सहाव्या शतकाच्या आसपासची. पुरातत्त्ववाल्या बर्जेसनं १८७० च्या दशकात त्यांची नोंद केली आणि त्यांना जैन म्हटलं. नंतरच्या अभ्यासकांनी ती आधी बौद्ध आणि मागून जैन झाली असं मांडलं. इथेही तोच वाद.

पण मला आवडते ती राजा करकंडाची कथा. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिलं. त्यात राजा तेरापुराजवळ तळ ठोकतो, डोंगरातली जुनी गुहा बघायला जातो, पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या आसनावर एक गाठ दिसते. ती विद्रूप दिसते म्हणून शिल्पकाराकडून फोडून घेतो, आणि आतून पाण्याचा लोंढा येऊन गुहाच भरते. पावसाळ्यात लेण्यांत जाऊन बघा, पाणी झिरपत असतं, काही ठिकाणी साचलेलं असतं. कविता लिहिणारा माणूस इथे येऊन गेला असणार, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

खिशात टॉर्च ठेवा. वटवाघळं आहेत.

कडबा
तुम्ही सगळे दगडच सांगताय. आमची येळवस बघा एकदा.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवचा अख्खा पट्टा शेतात असतो. लातुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ बंद, रस्त्यावर कुत्रं दिसणार न्हाई. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, शाल पांघरायची, पूजा करायची. मग "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत कोपीभोवती, पिकात अंबील शिंपडत फिरायचं. म्हातारी माणसं सांगतात हे कानडीतनं आलंय, आम्हाला अर्थ विचारू नका, आम्ही ओरडतो.

जेवण हाच खरा मुद्दा. भज्जी म्हणजे तुमची भजी न्हवं. त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं असतं, तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, हरभरा, पालेभाज्या, चिंच, सगळं बेसनात शिजवून दाट केलेलं. त्याच्यासोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट ताकाची अंबील. अंबील पिल्यावर दुपारी माणूस कोपीतच आडवा होतो. पाव्हणा म्हणून कुणाच्याही शेतात जा, उपाशी पाठवणार न्हाईत. हे तिकीट काढून बघायची गोष्ट न्हाई, वळख काढा.

@स्निग्धाताई डिसेंबरात येताय तर पंचांग बघूनच या.

स्निग्धा_ह्यूस्टन
@कडबादादा आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, माहेरी औशाला लहानपणी दरवर्षी जायचे, उंडे तिला अजून आठवतात. तारखा बदलायच्या चाललंय!

परंड्याचा
किल्ल्यांचं निघालंच आहे तर परंडा. बार्शीहून अर्ध्या-पाऊण तासावर. भुईकोट, भोवती खंदक, दुहेरी तट. बहमनी वजीर महमूद गावाननं बांधला असं मानतात.

हा किल्ला काही काळ राजधानी होता, हे इथल्या माणसांनाही सांगावं लागतं. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं तेव्हा मलिक अंबरनं मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं ते परंड्यात. आणि विजापूरला जाऊन सगळे ज्या तोफेपाशी फोटो काढतात ती मुलूख मैदान? ती ओतली अहमदनगरला १५४९ मध्ये, मग होती आमच्या परंड्यात, आणि १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरार पंडितानं ती विजापूरला नेली. साधारण ५५ टनांची तोफ त्या काळच्या रस्त्यांवरून कशी नेली असेल याचा विचार किल्ल्याच्या बुरुजावर बसून करावा. उरलेल्या तोफा अजून आहेत. एकीवरचे सिंह जवळ जाऊन बघा, आयाळीचे केससुद्धा वेगवेगळे ओतलेत.

किल्ल्यातल्या मशिदीचे खांब बघाल तर जुन्या देवळाचे आहेत. आणि गावात हंसराज स्वामींचा मठ.

जाता-येता कुंथलगिरी. जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींचं. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना, म्हणजे उपोषणानं देहत्याग, घेतली. आणि खवा! तिथला खवा, पेढा आधी घ्या, मग डोंगर चढा. उतरल्यावर संपलेला असतो.

रुळांवरचा
कुणी बार्शी लाइटचं नाव काढेना म्हणून मीच काढतो. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी छोटी रेल्वे सुरू झाली, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरची. रूळ अरुंद, पण डबे आणि वजन पेलण्याची रचना अशी की पुढे जगभरच्या छोट्या रेल्वेवाल्यांनी तिचा अभ्यास केला. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. जिल्ह्याचं ठिकाण मात्र बाजूलाच राहिलं, गाडी येडशीवरून निघून जायची. ब्रॉडगेज झालं तेव्हा कुठे धाराशिवात रेल्वे आली.

वारीच्या दिवसांत टपावर माणसं असायची. येडशीला उतरून रामलिंगला जा. बालाघाटाच्या घळीत देऊळ, भोवती अभयारण्य. पावसाळा सोडून गेलात तर तुम्ही आणि माकडं.

बिनधास्त_बोलतो
एक विचारू? हे सगळं लिहून काय साधणार? पाणीमहालाचे रील फिरले आणि आता धारा सुरू झाल्या की रविवारी नळदुर्गात पाय ठेवायला जागा नसते. प्लास्टिक, धांगडधिंगा, तटावर नावं. दुर्लक्षित आहेत म्हणूनच या जागा वाचल्या.

शिलालेख_वाचक
दुर्लक्षानं काही वाचत नाही हो. गर्दीनं नावं कोरली जातात हे खरं, पण दुर्लक्षानं दगडच जातात, गोठ्याच्या भिंतीत, पायरीला, धुण्याच्या घाटावर. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात वेशीबाहेर बघा, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, शेंदूर फासून म्हसोबा झालेला असतो. तो तरी बरा, पुजला जातो म्हणून टिकतो. त्याहून वाईट जीर्णोद्धार. चालुक्यकालीन खांबांना ऑइलपेंट, फरशी बदलून गुळगुळीत टाइल्स, शिलालेखावर प्लास्टर. हे करणारी माणसं श्रद्धेनंच करतात, वर्गणी काढून करतात, हीच अडचण आहे. त्यांना चार बाहेरच्या माणसांनी येऊन "हा खांब बघायला पुण्याहून आलो" म्हटलं तर रंगाचा डबा थांबतो. मी स्वतः एका गावात हे होताना पाहिलंय.

सोलापुरी_कडक
+१. शिवाय नळदुर्ग आणि खरोसा एका मापानं मोजू नका. खरोसा लेण्यांत (औसा तालुका) कधीही जा, गुराखी सोडून कुणी नसतं. जांभ्यासारख्या ठिसूळ दगडात कोरलेली, शिल्पं झिजून चाललीत. तिथं गर्दी होईल ही भीती सध्या तरी नको.

बिनधास्त_बोलतो
ठीक. पण मग रीलवाल्यांना रविवार द्या, आपण मंगळवारी जाऊ.

अंबाजोगाईकर
हद्द थोडी ओलांडतो, चालवून घ्या, बीड जिल्हा पण शेजारच. आमच्याकडे लोक योगेश्वरीला येतात आणि जातात. दासोपंतांची पासोडी किती जणांनी पाहिलीय? दासोपंत सोळाव्या शतकातले, शेवट १६१५. लाखांनी ओव्या लिहिणारा माणूस, कागद पुरेना म्हणून की काय, चक्क कापडावर लिहिलं. सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद पासोडी, तिच्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो ते, ओव्यांत आणि तक्त्यांत मांडलेलं. अक्षर बारीक, तरी ओळ वाकडी नाही. ग्रंथ म्हणावं की नकाशा म्हणावं ते कळत नाही.

मुकुंदराजांची समाधी इथेच, दरीच्या तोंडाशी. आणि हत्तीखाना लेणं, अंगणात दगडी हत्ती उभे आहेत म्हणून ते नाव.

जुनी_वाट
@अंबाजोगाईकर हद्द तुमच्यासाठी माफ.

नळदुर्गातला मेडोज टेलर कुणीच आणला नाही, म्हणून शेवटी मी. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा टेलर इथला अधिकारी होता आणि किल्ल्यातच राहायचा. त्या वेळी जिल्ह्याचं ठिकाणही नळदुर्गच. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो ओळखला जातो, पण त्याची १८६३ ची 'तारा' सुरू होते ती तुळजापुरात. देवळाच्या पायऱ्या, यात्रा, गल्ल्या, सगळं रोजच्या पाहण्यातलं. साहेबी चष्मा आहेच, तो काढून वाचावं लागतं.

अणदूरचा_पोरगा
स्निग्धाताई, येळवस आणि पौष पौर्णिमा यांच्यात पंधराच दिवसांचं अंतर असतंय. रजा वाढवा. आईंना घेऊन थेट घरी या, भज्जी आमच्याकडं. व्यनि करा, गाडी कुठं लावायची ते सांगतो.

स्निग्धा_ह्यूस्टन
केला!